तडा गेलेला उल्कांत

मी उल्कांतचं शिरस्त्राण बोलतोय. दचकलात? दचकायलाच हवं! सात कड्यांच्या ग्रहाचा राजपुत्र उल्कांत, वय वर्षं सतरा. एका आरोळीत जहाजं फोडणारा, आकाशातल्या ताऱ्यांचा उजेड ओढून आपल्या जहाजाच्या तळाशी कोंडून ठेवणारा. त्या उल्कांतच्या डोक्यावर मी असतो. रुपेरी रंग, कपाळावर दोन शिंगं आणि डाव्या कानापासून टाळूपर्यंत गेलेला एक तडा. त्या तड्यातून लाल उजेड धगधगत असतो.

पण राजघराण्यात काही माझा जन्म झाला नाही. मी साधं काळं हेल्मेट होतो, मोटारसायकलवर घालतात तसलं. सांताक्रूझच्या एका दुकानात माझी चाळीसेक भावंडं खुंट्यांवर लटकत होती. राजेशने त्यातून मला उचललं, डोक्यावर चढवलं, काच दोनदा खालीवर केली, आरशात बघितलं आणि म्हणाला, "हेच द्या. झकास बसलंय."

राजेश वाकोल्याचा. आजोबा, नाव लवू, गिरणीत होते. गिरणी गेली तसं बिऱ्हाड इकडे आलं. वडील आता देवगडजवळ गावी आंब्याची कलमं सांभाळतात. इथे दोन खोल्यांत आई शेवंती, सव्वीस वर्षांचा राजेश आणि कॉलेजात जाणारी धाकटी मानसी.

राजेश लिफ्टचा मेकॅनिक. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत कुठेही लिफ्ट मधेच थांबून माणूस आत अडकला, की त्याचा फोन वाजायचा आणि आम्ही सुटायचो. काय ते दिवस! बंद दाराला तोंड लावून तो म्हणायचा, "काका, मी आलोय हां. आता टेन्शन घेऊ नका." आतली माणसं घामाघूम बाहेर यायची, त्याचा हात धरायची, काही तर रडायची. मला वाटायचं, अर्धं श्रेय माझं!

दोन वर्षं अशी गेली. मग एका सकाळी मरोळला एक आजीबाई लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. राजेश घाईत होता. वळणावर खडी सांडलेली. मागचं चाक सरकलं, आणि पुढच्या क्षणी मी दुभाजकाच्या दगडावर आदळलो. माझ्या अंगातून कडाड असा आवाज निघाला. तडा गेला तो तेव्हा.

राजेशच्या डोक्याला खरचटलंसुद्धा नाही. मांडीचं हाड मात्र दोन ठिकाणी मोडलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला हातात घेऊन फिरवून बघितलं आणि शेवंतीबाईंना म्हणाले, "पोराच्या डोक्यावर येणार होतं ते याने घेतलं, ताई." मी ते वाक्य आजवर जपलंय.

पण तडा गेलेलं हेल्मेट पुन्हा घालत नाहीत. एक फटका खाल्ला, की आमचं काम संपतं. राजेश पायात रॉड घालून घरी आला. त्याने मला कोपऱ्यात पाहिलं आणि तोंड फिरवलं. "फेकून दे ते," तो मानसीला म्हणाला. "डोळ्यांसमोर नको."

मानसीने मला पिशवीत घातलं. मला वाटलं, चला, आता कचऱ्याची गाडी. पण जिन्यात तिने मला बाहेर काढलं, तड्यावरून बोट फिरवलं, आणि तिचे डोळे असे चमकले म्हणता! "उल्कांत!" ती एकटीच ओरडली.

झालं होतं असं, की तिचं कॉलेज एकांकिका स्पर्धेत उतरणार होतं. एकांकिका होती अंतराळातली. ती लिहिली होती ओजसने. ओजस मुलुंडचा, मानसीच्याच वर्गातला, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. नायिका नभा ही धाडसी वैमानिक, ती गंधाली करणार होती. आणि खलनायक उल्कांत करणार होती मानसी. कारण तिच्या आवाजाने वर्गातल्या खिडक्या हलायच्या! उल्कांतचा चेहरा प्रेक्षकांना दिसायचाच नव्हता. त्यासाठी शिरस्त्राण हवं होतं.

शेजारचे चंद्रप्रकाशकाका मरोळच्या कारखान्यात स्प्रे मारायचं काम करतात. त्यांनी मला रुपेरी केलं. पाइपची दोन शिंगं बसवली. कपाटाच्या मागे दडवून ठेवून मानसी मला तालमीला नेऊ लागली. घरात राजेशला पत्ता नाही.

पहिल्याच दिवशी ओजसने मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, हा तडा बुजव ना! महाप्रतापी उल्कांत आणि त्याचं शिरस्त्राण फुटकं?"

"राहू दे रे, भारी दिसतंय."

"काय भारी? वाट लागेल कॅरेक्टरची." त्याने वही काढली. त्यात उल्कांतची ताकद ओळीने लिहिलेली होती. आरोळीने जहाज फुटतं. झोपेची गरजच नाही. खोटं बोलत नाही, धमकी दिली की ती पाळतो. आणि सगळ्यात मोठी ताकद ही, की आकाशातल्या प्रत्येक ताऱ्याचं खरं नाव त्याला एकट्याला ठाऊक आहे. नाव उच्चारलं की तारा त्याच्याकडे ओढला जातो, आणि पुन्हा उच्चारलं की सुटतो.

नाटक बसवत होती उत्तराताई, कॉलेजची जुनी विद्यार्थिनी. दिवसभर ऑफिस करून संध्याकाळी थेट तालमीला यायची. तिने वही हातात घेतली, पान उलटलं. मागचं पान कोरं होतं.

"आणि हा कुठे कच्चा आहे?"

"कुठेच नाही," ओजस अभिमानाने म्हणाला.

"मग मला तो बघायचाच नाही. सतरा वर्षांचा पोरगा आहे ना तो? सतराव्या वर्षी माणूस कच्चा नसतो असं होतं का?" तिने मला उचललं. "हिचं बरोबर आहे. तडा ठेवायचा. आणि तडा कशाचा, ते तू लिहायचं."

चार दिवसांनी ओजस नवा शेवट घेऊन आला. लढाईत उल्कांतचं जहाज फुटतं. तो तुळईखाली अडकतो. कोंडलेले तारे सोडवायला त्याला ठाऊक असलेली नावं हवीत, म्हणजे तो जगायला हवा. दारात नभा उभी आहे. त्याने फक्त म्हणायचं, "हात दे." आणि तेच त्याला जमत नाही! लहानपणी त्याच्या ग्रहावर काळोख पडला तेव्हा तो हाका मारत होता, आणि कुणी आलं नव्हतं. तेव्हापासून त्याने मदत मागणं सोडलंय.

वाचताना सगळे टाळ्या वाजवत उठले. पण करायची वेळ आली आणि आमच्या मानसीचं घोडं अडलं. आरोळ्या कशा, झकास! "हात दे" म्हणताना मात्र ती सिनेमातल्यासारखी हुंदके द्यायची. माझी काच वाफेने भरून जायची. उत्तराताई मान हलवायची. "रडतेयस तू, मानसी. तो रडणार नाही."

इकडे घरातही एक जण मदत मागत नव्हता. राजेश वॉकर धरून चालायला लागला होता. कुणी पुढे झालं की खेकसायचा. "झिला, थांब जरा, मी धरतंय," असं शेवंतीबाई म्हणाल्या, की हा म्हणायचा, "मी काय म्हातारा आहे का?" रोज दुसऱ्यांना बंद दारातून बाहेर काढणारा तो, आता घरातल्या घरात दहा पावलं मोजत होता.

एका दुपारी शेवंतीबाई बाजारात गेल्या होत्या. आतल्या खोलीत मला डोक्यावर घालून मानसी हळू आवाजात तालीम करत होती. बाहेर धाडकन आवाज झाला. तिने मला काढून पलंगावर टाकलं आणि ती दाराशी धावली. मी पडलो तो नेमका दाराकडे तोंड करून, म्हणून मला सगळं दिसलं.

मोरीच्या उंबऱ्यापाशी राजेश पडला होता. वॉकर लांब गेला होता.

"येऊ नकोस," तो म्हणाला.

मानसी थबकली.

त्याने स्टूल ओढलं. स्टूल सरकलं. त्याने भिंतीचा आधार घेतला, अर्धा उठला, पुन्हा बसला. टॉवेल धरला, तो दोरीसकट खाली आला. मानसी जागेवर उभी, हाताच्या मुठी वळलेल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग भिंतीकडेच बघत, कुणावर तरी रागावल्यासारखा, तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मानू... हात दे."

तिने हात दिला. मग वॉकर आणून त्याच्यापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी तालमीत मानसीने हुंदका दिला नाही. तिने मान फिरवली आणि अगदी तशाच बारीक, रागीट आवाजात म्हटलं, "हात दे." गंधाली आपलं वाक्यच विसरली. ओजस उठून उभा राहिला, त्याचा चष्मा खाली पडला तरी त्याला कळलं नाही. उत्तराताईने फक्त विचारलं, "कुठून आणलंस हे?" मानसीने काच खाली ओढली. मला मात्र तिच्या कपाळावरचा घाम जाणवत होता.

अंधेरीला प्राथमिक फेरी झाली, आणि आमची एकांकिका अंतिम फेरीत पोचली! पोरांनी मला हवेत उडवलं, झेललं, पुन्हा उडवलं. एक शिंग तेव्हाच हललं. अंतिम फेरी मुलुंडच्या नाट्यगृहात होती, मोठ्या रंगमंचावर.

त्या संध्याकाळी जेवताना शेवंतीबाई कौतुकाने म्हणाल्या, "आमी सगळी येतलव हां बघूक. चंद्रप्रकाशभाऊ रिक्षा करतत. राजेशाक पण घेऊन येतंय. घरात बसून कंटाळलो हा तो."

मानसीचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कपाटामागून मला काढलं आणि राजेशच्या समोर पलंगावर ठेवलं. त्याने रंग पाहिला, शिंगं पाहिली, मग तडा पाहिला. ओळखायला त्याला क्षण लागला नाही.

"हे फेकलं नाहीस?"

"नाही. आणि अजून एक आहे, दादा." तिने सगळं सांगितलं. उल्कांत कोण, तो कुठे अडकतो, शेवटी काय म्हणतो, आणि ते ती कसं म्हणते. शेवटी ती म्हणाली, "मी तुझं घेतलं. न विचारता."

राजेशचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे मी पडलो, आणि तू बघून शिकत होतीस? हजार माणसांसमोर माझा तमाशा?"

"तू म्हणशील तर बदलते मी."

"जा इथून."

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. मी त्याच्या पलंगाच्या पायथ्याशी तसाच पडून. कधीकधी तो मला वॉकरने लांब ढकलायचा. पण दुसऱ्या दुपारी, घरात कुणी नाही असं बघून, त्याने मला मांडीवर घेतलं. तड्यावर अंगठा दाबला. तिसऱ्या दिवशी मानसी कॉलेजातून आली तर तो म्हणाला, "दाखव."

"काय?"

"काय करतेस ते दाखव ना!"

तिने मला डोक्यावर घातलं. जमिनीवर आडवी झाली, एकदा धडपडली, मान फिरवली आणि म्हणाली, "हात दे."

"खोटं आहे," राजेश म्हणाला.

मानसीने काच वर केली.

"फार लवकर मागितलास. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आधी काय करतो, सांगू? काहीच झालं नाही असं दाखवतो. घड्याळ बघतो. मग बटण दाबतो. तेच बटण, पुन्हा. मग वेगळं. मग दार ओढून बघतो. मग केस नीट करतो, म्हणजे बाहेर कुणी असलं तर दिसायला बरा दिसावा. हाक सगळ्यात शेवटी. तीसुद्धा घसा खाकरून, जणू सहज." तो वॉकर धरून उठला, खोलीच्या मधोमध आला. त्याचे डोळे कित्येक महिन्यांनी असे चमकत होते. "आणि मी भिंतीकडे का बघत होतो, माहितीय? तुझ्या तोंडावर कीव दिसली असती ना, तर मी पुन्हा खाली बसलो असतो. तुझ्या त्या उल्कांतचं पण तेच असणार. त्याला मरायची भीती नाही गं. त्याला नभाच्या तोंडाची भीती आहे. कर परत!"

त्या दुपारी त्यांनी ते किती वेळा केलं असेल! राजेश ओरडतोय, "बटण! आधी बटण!" मानसी फरशीवर लोळतेय. शेवंतीबाई दारात येऊन पिशवी धरून उभ्या. "अगो चेडवा, ह्या काय चल्लाहा? डोक्यार ती शिंगा कशाक?"

"गप गं आई, तालीम चाललीय," दोघंही एकदम म्हणाले.

आणि आली ती अंतिम फेरी! विंगेत मी मानसीच्या डोक्यावर होतो. तिच्या कानशिलातली शीर माझ्या अस्तरावर धाडधाड आपटत होती. पडदा सरकला. उल्कांतने पहिली आरोळी ठोकली, आणि नाट्यगृह दणाणलं. निळे दिवे विझत गेले, एकेक तारा एकेका नावासरशी आमच्याकडे ओढला गेला. पहिल्या रांगेतल्या बाई चक्क खुर्चीत मागे सरकल्या. कडेच्या खुर्चीवर, वॉकर शेजारी ठेवून, राजेश बसला होता. काचेतून मला तो स्पष्ट दिसत होता.

मग लढाई झाली. जहाज फुटलं. तुळई कोसळली. माझ्या तड्यात चंद्रप्रकाशकाकांनी बसवलेला लाल दिवा एकटा जळत राहिला.

उल्कांतने बटण दाबलं. काहीच झालं नाही. त्याने तेच बटण पुन्हा दाबलं. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं. मग आणखी चारपाच जण. आता मानसी घाई करते की काय, असं मला वाटलं. तिने घाई केली नाही. तिने तिसऱ्यांदा बटण दाबलं, आणि मग हळूच शिंग सरळ केलं, दिसायला बरं दिसावं म्हणून. हसू बंद झालं.

एवढ्यात घोटाळा झाला. गंधाली घाबरून लवकर पुढे आली आणि तिने हात पुढे केला. अजून मागितलंच नव्हतं! क्षणभर सगळं थांबलं. मग मानसीने तो हात झटकला आणि वहीत नसलेलं वाक्य बोलली, "अजून मी मागितलेला नाही."

उल्कांतने तुळई ढकलून पाहिली. एकदा. पुन्हा एकदा. मग त्याने घसा खाकरला. नभाकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून, तो म्हणाला, "हात दे."

गंधालीने हात दिला. उल्कांतने पहिल्या ताऱ्याचं नाव घेतलं, आणि रंगमंचावर एक निळा दिवा लागला. मग दुसरा. मग तिसरा. पडदा पडायच्या आधीच टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि त्यांच्यावरून एक कर्कश शिट्टी ऐकू आली. ती शिट्टी मी ओळखतो. ती राजेशची!

आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. मानसीला अभिनयाचं उत्तेजनार्थ. एक परीक्षक म्हणाले, "मुलीचा चेहराच दिसला नाही, गुण द्यायचे कसे?" मानसी चिडून लाल झाली. मला फार अपराधी वाटलं. राजेश मात्र एवढा हसला, की त्याला ठसका लागला.

नाट्यगृहाच्या बाहेर पडताना पायऱ्या होत्या, सात-आठ. खाली रिक्षा उभी. पोरांचा गलका चाललेला, सगळे मला डोक्यावर घालून फोटो काढतायत. शेवंतीबाई पुढे झाल्या, मग आठवून थांबल्या. मानसीही थांबली. राजेशने पायऱ्यांकडे पाहिलं. मग दहा मिनिटांपूर्वी ओळख झालेल्या ओजसला त्याने सगळ्यांच्या देखत मोठ्याने हाक मारली, "ए लेखक! इकडे ये रे. खांदा दे जरा, उतरायचंय मला."

ओजस धावत आला. शेवंतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि उगाच माझ्यावरून ओरडल्या, "ह्या शिंगावाल्याक कोणीतरी धरा गे, पडात तो!"

आता माझं सांगतो. माझं एक शिंग डिंकाने चिकटवलेलं आहे, कानाजवळचा रुपेरी रंग उडून खालचा काळा दिसतो. पण मी कपाटामागे नाही, दाराजवळच्या फळीवर असतो. गेल्या आठवड्यात शेजारी नवीन हेल्मेट आलं, लाल, चकचकीत, अजून दगड न पाहिलेलं. राजेश परत कामावर जायला लागलाय. सोमवारी घाटकोपरला लिफ्टमध्ये एकदम पाच जण अडकले होते. फोन आला, तसा तो मला थाप मारून, त्या लाल पोराला डोक्यावर चढवून सुटला. वाचणाऱ्यांनो, माझं एवढंच ऐका. आमच्यापैकी कुणाला तरी डोक्यावर घ्या, पट्टा लावा. आणि एवढं करूनही पडलात, तर भिंतीकडे बघत का होईना, हाक मारा.

चला, जिन्यात मानसीची पावलं वाजतायत. बोरिवलीला प्रयोग ठरलाय, आणि आज पहिली तालीम. उल्कांतला डोकं पाहिजे!